चार मॉनिटर, एक तगडं ग्राफिक्स कार्ड: केबलपासून सेटिंगपर्यंत

सगळ्यात वरच्या श्रेणीचं ग्राफिक्स कार्ड घेतलं की त्याला कितीही मॉनिटर लावा, ते ओढेल, असं बहुतेक जण गृहीत धरतात. चित्र तयार करण्यापुरतं ते खरंच आहे. पण तयार झालेलं चित्र मॉनिटरपर्यंत पोचवणारा भाग कार्डात वेगळा असतो आणि त्याच्या मर्यादाही वेगळ्या असतात. कार्ड कितीही दमदार असलं तरी त्या मर्यादा सुटत नाहीत. तिसरा मॉनिटर लागतच नाही, १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर १४४ वर अडकतो, कॉम्प्युटर नुसता चालू असतानाही पंखे फिरत राहतात, अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा याच भागात असतं.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की तुमच्या टेबलावरची एक स्क्रीन मुख्य ठरवा. सगळ्यात चांगलं पोर्ट, चांगली केबल, जास्तीत जास्त रिफ्रेश रेट (म्हणजे तोच हर्ट्झचा आकडा) आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवायची सोय) तिला द्या. बाकीच्या स्क्रीन तिच्या सोयीने लावा. सगळ्याच मॉनिटरना सगळंच द्यायला गेलात तर पैसे जास्त जातात आणि हाती कटकट येते. पुढचं सगळं या एका निर्णयावर उभं आहे.

आधी कागदावर हिशेब

प्रत्येक मॉनिटरसमोर चार गोष्टी लिहून काढा: रिझोल्यूशन (आडवे आणि उभे पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, किती), रिफ्रेश रेट, रंग ८ बिट की १० बिट, आणि मागे कोणती पोर्ट आहेत. मग साधा गुणाकार करा. आडवे पिक्सेल × उभे पिक्सेल × रिफ्रेश रेट × २४. यातले २४ म्हणजे तीन रंगांचे प्रत्येकी ८ बिट. १० बिट रंग किंवा एचडीआर वापरणार असाल तर २४ च्या जागी ३० धरा. येणारं उत्तर शंभर कोटींनी भागलं की जीबीपीएस, म्हणजे दर सेकंदाला किती गिगाबिट जावे लागतात, तो आकडा मिळतो. दोन ओळींच्या आणि दोन फ्रेमच्या, म्हणजे एकामागोमाग येणाऱ्या पूर्ण चित्रांच्या, मध्ये थोडा वेळ रिकामा जातो, त्यासाठी वर आणखी ५ ते १० टक्के धरून चला.

आता पोर्टची क्षमता. खोक्यावर छापलेला आकडा एकूण क्षमतेचा असतो. त्यातला काही भाग सिग्नलच्या बांधणीतच खर्च होतो. चित्रासाठी प्रत्यक्षात उरते ती क्षमता साधारण अशी:

- एचडीएमआय २.०: १४.४ जीबीपीएस
- डिस्प्लेपोर्ट १.२: १७.२८ जीबीपीएस
- डिस्प्लेपोर्ट १.४: २५.९२ जीबीपीएस
- एचडीएमआय २.१, पूर्ण ४८ जीबीपीएसचं असेल तर: सुमारे ४२.६ जीबीपीएस
- डिस्प्लेपोर्ट २.१, यूएचबीआर २० वेगाचं असेल तर: सुमारे ७७ जीबीपीएस

एक उदाहरण घेऊ. २५६० × १४४० रिझोल्यूशनचा, १६५ हर्ट्झचा मॉनिटर. गुणाकार केला की १४.६ येतात, रिकामा वेळ धरून साडेपंधराच्या आसपास. एचडीएमआय २.० मध्ये हे मावत नाही. त्यामुळे त्या पोर्टवर मॉनिटर १४४ हर्ट्झवर थांबतो, कारण १४४ ला १२.७ च लागतात. तोच मॉनिटर डिस्प्लेपोर्ट १.२ ला लावला की १६५ निमूटपणे मिळतात. यात कार्डाचा दोष नसतो आणि मॉनिटरचाही नसतो, फक्त केबल चुकीच्या भोकात असते.

४के (३८४० × २१६०) साठीचे आकडे असे: ६० हर्ट्झला ११.९, १२० ला २३.९, १४४ ला २८.७. म्हणजे डिस्प्लेपोर्ट १.४ वर ४के १२० हर्ट्झ ८ बिट रंगात कसंबसं बसतं, आणि १४४ बसत नाही. तरीही डिस्प्लेपोर्ट १.४ चे ४के १४४ हर्ट्झ मॉनिटर सर्रास मिळतात आणि नीट चालतात, ते डीएससीमुळे. डीएससी म्हणजे केबलवरून जाताना चित्र दाबून पाठवायची पद्धत. नेहमीच्या वापरात डोळ्यांना फरक कळत नाही, त्यामुळे तिला घाबरायचं कारण नाही. तिचा एक छुपा खर्च मात्र आहे. तो पुढे येईल.

खोक्यावरच्या आवृत्तीवर डोळे मिटून विसंबू नका. एचडीएमआय २.१ मधल्या बहुतेक नव्या सोयी ऐच्छिक आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात २.० एवढीच क्षमता असलेल्या पोर्टवरही २.१ छापलेलं असू शकतं. डिस्प्लेपोर्ट २.१ चंही तसंच आहे. यूएचबीआर १०, १३.५ आणि २० असे त्याचे तीन वेग आहेत आणि तिन्हींना २.१ म्हणता येतं. मॉनिटरच्या माहितीपत्रकात जीबीपीएसचा आकडा शोधा. तो दिलेलाच नसेल तर जास्तीत जास्त कोणता रिफ्रेश रेट कोणत्या पोर्टवर मिळतो ते तक्त्यात पाहा, म्हणजे उत्तर मिळतं.

कार्डाच्या पाठीमागे काय आहे

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० वर बहुधा तीन डिस्प्लेपोर्ट १.४ए आणि एक एचडीएमआय २.१ असतं. आरटीएक्स ५०९० वर मांडणी तीच, फक्त डिस्प्लेपोर्ट २.१बी. एएमडीच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या मूळ रचनेत दोन डिस्प्लेपोर्ट २.१, एक एचडीएमआय २.१ आणि एक यूएसबी-सी आहे. या सगळ्या कार्डांवर एका वेळी चारच मॉनिटर चालतात. काही उत्पादक पाच पोर्ट देतात, पण पाचव्या पोर्टचा अर्थ निवडीला वाव एवढाच. पाचवा मॉनिटर लावला तर एक तरी काळा राहणार.

ही चारची मर्यादा येते कुठून? कार्डाच्या चिपमध्ये प्रत्येक मॉनिटरला ठरलेल्या तालात पिक्सेल पुरवणारा एक स्वतंत्र विभाग असतो. त्याला हेड म्हणतात आणि असे हेड चार असतात. डीएससीचा छुपा खर्च इथेच येतो. आरटीएक्स ४० मालिकेसारख्या कार्डांवर ४के २४० हर्ट्झसारखा, डीएससीशिवाय न बसणारा, फार मोठा पिक्सेल-वेग एका हेडला झेपत नाही, मग कार्ड त्या एका मॉनिटरसाठी आतले दोन हेड वापरतं. असे दोन मॉनिटर लावले की चारही हेड संपतात. दोन पोर्ट रिकामी दिसतात, त्यात केबल घातली तरी तिसरा मॉनिटर जागा होत नाही. लोक केबल बदलतात, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बदलतात, कार्ड दुरुस्तीला पाठवायची तयारी करतात. करायचं एवढंच असतं, की त्या वेगवान मॉनिटरपैकी एकाचा रिफ्रेश रेट १४४ किंवा १२० वर आणायचा. एक हेड मोकळा होतो आणि तिसरी स्क्रीन उजळते.

मॉनिटर अजून घ्यायचे असतील तर याचा विचार खरेदीच्या आधीच करा. एक ४के २४० हर्ट्झ आणि सोबत दोन साध्या स्क्रीन हा मेळ चारात नीट बसतो. तीन ४के २४० बसत नाहीत.

डिस्प्लेपोर्टची एमएसटी ही सोयही इथेच सांगतो. तिच्यामुळे एका पोर्टमधून हबच्या मदतीने दोन मॉनिटर चालवता येतात, किंवा एका मॉनिटरमधून पुढच्या मॉनिटरला केबल नेता येते. पण क्षमता एकाच पोर्टची, ती दोघांत वाटली जाते, आणि हेडची मर्यादा तशीच राहते. ६० हर्ट्झच्या ऑफिस मॉनिटरसाठी एमएसटी उत्तम आहे. मुख्य स्क्रीनला ती लावू नका.

केबल आणि अ‍ॅडाप्टर

मॉनिटरसोबत आलेली केबल आधी वापरा. ती बहुतेक वेळा त्या मॉनिटरच्या क्षमतेला पुरेशी असते. वेगळी घ्यायची असेल तर डिस्प्लेपोर्ट १.४ साठी व्हेसा-प्रमाणित (व्हेसा ही डिस्प्लेपोर्टचे नियम ठरवणारी संस्था) डीपी८के, डिस्प्लेपोर्ट २.१ साठी डीपी४० किंवा डीपी८०, आणि एचडीएमआय २.१ साठी 'अल्ट्रा हाय स्पीड' असं लेबल असलेली घ्या. साध्या तांब्याच्या केबलचं एक सूत्र आहे: वेग वाढला की लांबी कमी करावी लागते. ४के च्या वरच्या रिफ्रेश रेटला २ मीटर हे सुरक्षित अंतर. त्याहून बरीच लांब हवी असेल तर ऑप्टिकल फायबरची केबल घ्यावी. तिला दिशा असते. एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं, उलटी लावली तर चित्र येत नाही.

अ‍ॅडाप्टरची दिशाही अशीच महत्त्वाची. कार्डाच्या डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय मॉनिटरला जाणं सोपं आहे, साधा अ‍ॅडाप्टर चालतो. उलट, कार्डाच्या एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्ट मॉनिटरला जायचं तर सिग्नल बदलून देणारा सक्रिय कन्व्हर्टर लागतो आणि त्याला बहुधा यूएसबीतून वीज द्यावी लागते. स्वस्तातली साधी केबल या दिशेने कधीच चालत नाही. सक्रिय कन्व्हर्टर घेतानाही तो किती हर्ट्झपर्यंत झेपवतो ते बघून घ्या.

आणि केबल जोडताना हाताकडे लक्ष द्या. डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच प्लगना वर एक खटका असतो, आत दोन बारीक आकडे असतात आणि ते कार्डाच्या धातूच्या चौकटीत अडकतात. काढताना खटका पूर्ण दाबून सरळ ओढायचं. तीन-चार जाड केबल शेजारी शेजारी आल्या की खटक्यावर बोट पोचत नाही, मग माणूस हिसका देतो आणि पोर्टच हलतं. म्हणून सगळ्या केबल जोडण्याआधीच प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून 'मुख्य', 'डावा', 'उजवा' असं लिहून ठेवा. पुढे कधी काही बिघडलं की उपसाउपशी करावी लागत नाही.

कार्ड बसवणं

याबद्दल फार लांबण लावत नाही, पण दोन गोष्टी सोडू नका. पहिली, वीज. आरटीएक्स ४०९० जास्तीत जास्त ४५० वॅट घेतं आणि त्यासाठी किमान ८५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवला जातो. ५०९० साठी हे आकडे ५७५ आणि १००० आहेत. या कार्डांचा १६ पिनांचा पॉवर कनेक्टर अर्धवट बसला तर तापून वितळू शकतो. तो पूर्ण आत जाईपर्यंत दाबा, कनेक्टर आणि सॉकेट यांच्यात फट दिसत नाही ना ते टॉर्च मारून पाहा, आणि कनेक्टरपासून पहिल्या ३५ मिलिमीटरमध्ये केबल वाकवू नका. कॅबिनेटची काच लावताना ती केबलला टेकत असेल तर ते कॅबिनेट या कार्डासाठी अरुंद आहे असं समजा.

दुसरी, वजन. दोन किलोच्या पुढचं कार्ड एका स्लॉटवर लोंबकळत असतं आणि मागून चार जाड केबल त्याला आणखी खाली ओढतात. कार्डाखाली आधाराची पट्टी किंवा टेकू लावा. केबलचं ओझं कार्डावर येऊ नये म्हणून त्या टेबलाच्या पायाला किंवा मॉनिटरच्या आर्मला बांधून घ्या.

पहिल्यांदा चालू करताना एकच मॉनिटर

सगळ्या केबल एकदम लावून कॉम्प्युटर चालू करायचा मोह होतो. तो आवरा. फक्त मुख्य मॉनिटर जोडा, तोही कार्डाच्या डिस्प्लेपोर्टला. मदरबोर्डवरची एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टची भोकं हाताला आधी लागतात. तिथे केबल गेली तर चित्र प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समधून येतं आणि महागडं कार्ड बाजूला बसून राहतं. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल, इंटेलच्या एफ अक्षराच्या प्रोसेसरमध्ये नसतं तसं, तर स्क्रीन काळीच राहते.

जुन्या कार्डाच्या जागी नवं बसवलं असेल आणि दोन्ही वेगळ्या कंपन्यांची असतील, तर जुना ड्रायव्हर पुरता काढून टाका. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे छोटं साधन सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह चालू होतं त्या अवस्थेत) चालवतात. मग नवा ड्रायव्हर टाका, कॉम्प्युटर पुन्हा चालू करा आणि मुख्य मॉनिटर पूर्ण रिफ्रेश रेटवर येतो का ते पाहा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले या वाटेने गेलं की रिफ्रेश रेट दिसतो. नवा मॉनिटर लावल्यावर विंडोज बऱ्याचदा तो ६० वरच ठेवतं आणि १४४ चा मॉनिटर घेतलेली माणसं महिनोन् महिने ६० वर काम करत राहतात. त्यामुळे हे तपासणं कधीही टाळू नका.

मुख्य स्क्रीन स्थिर झाली की दुसरी जोडा, तपासा, मग तिसरी. एकेक जोडल्याने काही अडलंच तर ते कोणत्या केबलपासून सुरू झालं ते लगेच कळतं.

मांडणी आणि स्केलिंग

डिस्प्ले सेटिंगमध्ये 'आयडेंटिफाय' दाबा. प्रत्येक स्क्रीनवर तिचा क्रमांक येतो. मग ते चौकोन टेबलावरच्या जागेप्रमाणे ओढून ठेवा आणि मुख्य स्क्रीनला 'मेक धिस माय मेन डिस्प्ले'ची खूण करा. चौकोनांच्या कडा काळजीपूर्वक जुळवा. ४के आणि १०८०पी (१९२० × १०८०) शेजारी असतील तर पडद्यावरचे चौकोन लहानमोठे दिसतात, आणि ४के च्या वरच्या किंवा खालच्या भागातून माउस शेजारी जातच नाही, कडेला आपटून थांबतो. तुमचा माउस नेहमी कोणत्या उंचीवरून पलीकडे जातो ते पाहून तिथे कडा जुळवा.

स्केलिंग, म्हणजे अक्षरं आणि चिन्हं किती मोठी दिसावीत ते, प्रत्येक स्क्रीनला वेगळं देता येतं. २७ इंची ४के ला १५० टक्के, २७ इंची १४४०पी (२५६० × १४४०) ला १०० टक्के ठेवलं की दोन्हीकडची अक्षरं जवळपास एकाच आकाराची दिसतात. काही जुनी सॉफ्टवेअर एका स्क्रीनवरून दुसरीवर नेली की धूसर होतात. अशा सॉफ्टवेअरची जागा एकाच स्क्रीनवर कायमची ठरवून टाकणं हाच त्यावरचा सोपा उपाय.

एचडीएमआयला लावलेला मॉनिटर शेजारच्या मॉनिटरपेक्षा फिकट, काळा रंग राखाडी झालेला दिसत असेल, तर मॉनिटरला दोष देण्याआधी ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनलमध्ये आउटपुट रेंज 'फुल' आणि रंगाचा प्रकार आरजीबी आहे का ते पाहा. टीव्हीसाठीची मर्यादित रेंज लागलेली असते, ती बदलली की रंग जागेवर येतात.

नुसतं बसलेलं कार्ड का तापतं

ही तक्रार एकाहून जास्त मॉनिटर वापरणाऱ्यांची खास आहे, आणि तिचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एकच मॉनिटर असेल आणि तुम्ही काही वाचत बसला असाल, तर कार्ड आपल्या मेमरीचा वेग खूप खाली आणतं, काही हजार मेगाहर्ट्झवरून काही शे वर. वीज वाचते, पंखे थांबतात. पण मेमरीचा वेग बदलायचा म्हणजे क्षणभर तिच्यातून वाचता येत नाही. मॉनिटरला तर पिक्सेल सतत हवे असतात. म्हणून कार्ड हा बदल दोन फ्रेमच्या मधल्या त्या रिकाम्या वेळेत उरकतं. मॉनिटर दोन असतील आणि त्यांचे रिफ्रेश रेट वेगवेगळे असतील, तर दोघांचा रिकामा वेळ एकत्र येईलच असं नाही. रस्ता ओलांडायला दोन्ही बाजूंची रहदारी एकाच वेळी थांबावी लागते, तसंच हे. ती संधी मिळाली नाही की कार्ड मेमरीचा वेग वरच ठेवून देतं. परिणामी काहीही न करता कार्ड कित्येक वॅट जास्त खातं आणि पंखे अधूनमधून घरघरत राहतात.

तपासायला जीपीयू-झेड हे साधन उघडा आणि सेन्सरच्या पानावर मेमरी क्लॉक पाहा. सगळे प्रोग्राम बंद आहेत आणि तरी तो आकडा कमाल वेगाला चिकटून आहे, असं दिसलं तर निदान पक्कं. मग एकेक बदल करत त्या आकड्याकडे बघा. मुख्य स्क्रीन १४४ वरून १२० वर आणा आणि बाजूच्या ६० वर ठेवा. बऱ्याच जोड्यांत एवढ्यानेच मेमरी शांत होते. नाही झाली तर बाजूच्या दोन्ही स्क्रीन एकाच रिझोल्यूशनच्या आणि एकाच रिफ्रेश रेटच्या करून बघा. ड्रायव्हरची नवी आवृत्तीही टाकून पाहा, कारण काही कार्डांवर हा त्रास पुढच्या ड्रायव्हरांनी बराच कमी केला आहे.

डेस्कटॉपसाठी १२० आणि खेळाच्या वेळी १४४ किंवा २४० असा दुहेरी कारभार मला सगळ्यात पटतो. बरेच खेळ पूर्ण स्क्रीनवर गेले की रिफ्रेश रेट स्वतःच निवडू देतात. दिवसभराच्या लिखाणा-वाचनाला १२० आणि १४४ मधला फरक जाणवत नाही, पंख्यांची शांतता मात्र जाणवते.

एका स्क्रीनवर खेळ, बाजूला बाकी सगळं

पूर्वी वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे मॉनिटर एकत्र लावले की ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर व्हिडिओ सुरू होताच १४४ ची स्क्रीन अडखळायची. २०२० च्या मे महिन्यात आलेल्या विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीपासून विंडोज प्रत्येक स्क्रीनचा ताल वेगळा सांभाळतं. तुम्ही अजून त्याच्या आधीच्या आवृत्तीवर असाल तर उरलेल्या सगळ्या खटपटीआधी विंडोज अद्ययावत करा.

तरीही अडखळणं राहिलं तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) निवडा आणि '३डी' व 'व्हिडिओ डिकोड' असे दोन आलेख वेगवेगळे पाहा. बाजूला चाललेल्या व्हिडिओचा भार डिकोडच्या आलेखात दिसायला हवा. तिथे काहीच हालचाल नसेल आणि प्रोसेसर वर चढलेला असेल, तर ब्राउझरमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (व्हिडिओचं काम कार्डावर टाकायची सोय) बंद आहे, ते चालू करा. ३डीचा आलेख ९९ टक्क्यांवर खिळलेला असेल तर खेळानेच कार्ड पूर्ण व्यापलं आहे आणि ब्राउझरला वेळेवर पाळी मिळत नाही. अशा वेळी खेळाचा फ्रेम रेट मॉनिटरच्या रिफ्रेश रेटपेक्षा तीन-चार फ्रेम खाली बांधून टाका. कार्डाला थोडी उसंत मिळते, बाजूचा व्हिडिओ सुरळीत चालतो, आणि व्हेरिएबल रिफ्रेश (खेळाच्या फ्रेमप्रमाणे मॉनिटरचा ताल बदलायची सोय) असलेल्या मॉनिटरवर खेळही जास्त एकसारखा दिसतो. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये मागे पडलेल्या प्रोग्रामचा फ्रेम रेट वेगळा बांधायची सोय आहे. खेळ मिनिमाइज करून बाजूला काम करत असाल तर तीही लावा.

तीन स्क्रीनवर एकच खेळ

गाडी किंवा विमान चालवण्याच्या खेळांत तीन स्क्रीनची मजा वेगळीच आहे, आणि महागड्या कार्डाची ताकद खऱ्या अर्थाने इथे कामी येते. तीन १०८०पी स्क्रीन मिळून सुमारे ६२ लाख पिक्सेल होतात, म्हणजे ४के च्या पाऊण पट. तीन १४४०पी मिळून १ कोटी १० लाख, म्हणजे ४के पेक्षा एक तृतीयांश जास्त. कार्ड ४के वर तो खेळ किती फ्रेमने चालवतं ते माहीत असलं की तीन स्क्रीनवर काय होईल याचा अंदाज यावरून बांधता येतो.

इथे मात्र मुख्य स्क्रीन आणि दुय्यम स्क्रीन हा भेद चालत नाही. तिन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे घ्या. एनव्हिडियाचं सराउंड आणि एएमडीचं आयफिनिटी तिन्ही मिळून एकच लांबलचक स्क्रीन बनवतात, त्यासाठी रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट सारखे असलेले बरे. कडांच्या पट्ट्यांमागे चित्र दडल्यासारखं दिसावं म्हणून बेझल करेक्शन करायला विसरू नका.

बाजूच्या स्क्रीन किती वळवायच्या? २७ इंची मॉनिटरची रुंदी साधारण ६० सेंटिमीटर. डोळे ७० सेंटिमीटरवर असतील तर ३० भागिले ७० याचा व्यस्त टॅन २३ अंश, त्याची दुप्पट ४६. एक स्क्रीन डोळ्यांना ४६ अंशांत दिसते, म्हणून बाजूची प्रत्येक स्क्रीन मधलीपासून ४६ अंश आत वळवली की तीही डोळ्यांपासून तेवढ्याच अंतरावर आणि समोरासमोर येते. खेळात दृश्यकोन भरताना हेच माप वापरा. आयरेसिंगसारखे काही खेळ तीन स्क्रीनसाठी तीन वेगळी दृश्यं काढू शकतात आणि त्यात हा कोन थेट मागतात. असा पर्याय असेल तर तोच घ्या. एकाच सपाट लांब चित्रात बाजूच्या गाड्या ओढून ताणल्यासारख्या दिसतात, तीन दृश्यांत त्या योग्य आकाराच्या दिसतात आणि शेजारची गाडी किती जवळ आहे ते नेमकं कळतं.

प्रोसेसरमधलं ग्राफिक्स मदतीला घ्यावं का

पाचवा मॉनिटर हवाच असेल तर मदरबोर्डवरच्या पोर्टचा उपयोग होतो. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, प्रोसेसरचं ग्राफिक्स चालू ठेवायचा पर्याय असतो, तो सुरू करा. पण महागड्या कार्डावर चाललेली खिडकी त्या स्क्रीनवर नेली की प्रत्येक फ्रेम एका ग्राफिक्सकडून दुसऱ्याकडे नकलावी लागते आणि हालचाल जड होते. तिथे चॅट, मेल, तापमानाचे आकडे अशा शांत गोष्टी ठेवा.

एका कामासाठी मात्र मी ही वाट आवर्जून सुचवेन. थ्रीडी रेंडरिंग करताना किंवा भाषेची मॉडेलं स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवताना कार्ड शंभर टक्के गुंतलेलं असतं आणि त्याच्या मेमरीतला प्रत्येक एमबी मोलाचा असतो. ब्राउझर आणि डेस्कटॉप मिळून त्यातले शेकडो एमबी सहज खातात, शिवाय माउससुद्धा अडखळू लागतो. अशा वेळी सगळे मॉनिटर प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर नेले की कार्ड पूर्ण मोकळं होतं.

लिनक्सवर असाल तर वेलँड या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेचं सत्र निवडा. वेगवेगळे रिफ्रेश रेट आणि वेगवेगळं स्केलिंग जुन्या एक्स११ पेक्षा तिथे कितीतरी नीट सांभाळलं जातं.

अडलंच तर

मॉनिटर झोपेतून उठल्यावर सगळ्या खिडक्या एकाच स्क्रीनवर गोळा होतात? डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर बंद झाला की कार्डाला तो उपटल्यासारखा वाटतो. विंडोज ११ मध्ये 'मल्टिपल डिस्प्लेज'खाली खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे, तो चालू करा. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत 'डीप स्लीप' असेल तर तो बंद करा.

सगळ्या स्क्रीन अचानक काळ्या झाल्या पण आवाज येतोय, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडी कामं बहुधा शाबूत राहतात. खिडकी एखाद्या बंद स्क्रीनवर हरवली असेल तर ती निवडून विंडोज, शिफ्ट आणि बाण दाबा.

कॉम्प्युटर बंद केल्यावरही आतला एखादा दिवा मंद जळत राहतो, किंवा मॉनिटर जोडलेला असताना कॉम्प्युटर सुरूच होत नाही, असं असेल तर डिस्प्लेपोर्ट केबल बदला. निकृष्ट केबलमध्ये विसाव्या पिनची तार जोडलेली असते आणि मॉनिटरची वीज उलटी कार्डात शिरते. प्रमाणित केबलमध्ये ती तार नसते.

स्क्रीन मध्येच क्षणभर काळी होत असेल, ठिपके चमकत असतील, तर तीन अदलाबदली याच क्रमाने करा. आधी फक्त केबल बदला. मग तीच केबल कार्डाच्या दुसऱ्या पोर्टला लावा. शेवटी त्या पोर्टला आणि केबलला दुसरा मॉनिटर जोडा. त्रास केबलसोबत गेला तर केबल वाईट, पोर्टवरच राहिला तर कार्ड, आणि मॉनिटरसोबत गेला तर मॉनिटर. प्रत्येक वेळी मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवा. वॉरंटीत कार्ड किंवा मॉनिटर परत करताना दोष नेमका कशात आहे हे त्यातून सरळ दाखवता येतं.